जुगार कुणाचा, नीती कुणाची?

जुगार वाईटच, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. तथागतांनी सिगालाला केलेल्या उपदेशात जुगाराची गणना धननाशाच्या मार्गांत केली आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. बंदीचा दंडुका नेहमी कुणाच्या पाठीवर पडतो?

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात वाळवंटात इंडिओ नावाचे छोटे शहर आहे. त्याच्या शेजारी कॅबझॉन ही मूळ रहिवाशांची जमात राखीव जमिनीवर राहते. त्या काळी तिचे सभासद अवघे २५. जमिनीत विकण्याजोगी नैसर्गिक संपत्ती नाही. पोट भरायचे कसे? १९८० साली जमातीने स्वतःच्या जमिनीवर पत्त्यांचा क्लब उघडला. तीनच दिवसांत इंडिओच्या पोलिसांनी धाड घातली. शतकानुशतके त्या भूमीवर राहिलेले लोक धंद्यात नवखे ठरले, आणि रेल्वेमुळे वसलेले शहर त्यांना कायदा शिकवायला निघाले!

जमात गप्प बसली नाही, ती न्यायालयात गेली. पुढे बिंगोवरून काउंटी आणि राज्य सरकारशीही झगडा झाला. बक्षीस २५० डॉलरपेक्षा जास्त नको, खेळ चालविणाऱ्यांनी पगार घ्यायचा नाही, अशा राज्याच्या अटी होत्या. फेब्रुवारी १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी जमातीच्या बाजूने निकाल दिला. जे राज्य स्वतः लॉटरी चालवते, घोड्यांवर पैसे लावू देते, ते जुगाराला निषिद्ध मानत नाही. केवळ त्याचे नियमन करते. म्हणून त्याचे नियम जमातीच्या जमिनीवर लादता येणार नाहीत, असे न्यायालयाने ठरविले. १९८८ च्या कायद्याने अशा खेळांचे उत्पन्न जमातीच्या कारभारासाठी आणि कल्याणासाठी वापरण्याचे बंधन घातले.

आपल्याकडे काय झाले? मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. परवानाधारक रेसकोर्सवर घोड्यांवर पैसे लावणे त्याने जुगारातून वगळले. महाराष्ट्र सरकारने १९६९ साली स्वतःची लॉटरी काढली. झाडाखाली तीनपत्तीचा डाव मांडणारा मजूर मात्र गुन्हेगार! साहेबांचा तो छंद, सरकारचा तो महसूल, आणि आमच्या माणसाचा तो जुगार. ही नीती नव्हे, ही प्रतवारी आहे. आणि प्रतवारी आम्ही चांगली ओळखतो.

याचा अर्थ वस्तीत अड्डे उघडा असा कुणी काढू नये. मटक्याने आमच्या आयाबहिणींच्या चुली विझविल्या आहेत. तो हद्दपार झालाच पाहिजे, पण धम्माच्या शिकवणुकीने. सरकारला नीती शिकवायचीच असेल, तर तिची सुरुवात त्याने स्वतःच्या तिजोरीपासून करावी.