न पाहिलेले सरोवर

लडाखला जाऊन पँगाँग सरोवर न पाहता परतलेला मनुष्य प्रवासवर्णन लिहू लागला, तर वाचकांना हसू येणे स्वाभाविक आहे. तरीही लिहीत आहे. कारण या प्रवासात जे शिकायचे होते, ते मला त्या न झालेल्या दर्शनानेच शिकवले.

2023 च्या जून महिन्यात भंडारा, तुमसर आणि साकोली येथील आम्ही बारा जण निघालो. जुलैच्या आरंभी चातुर्मास सुरू होणार होता. त्यापूर्वी घरी परतायचे, हे ठरलेलेच होते. बहुतेकांनी साठी ओलांडलेली. सर्वांत ज्येष्ठ आमच्या ताई, वय 71, निवृत्त शिक्षिका. तीस वर्षांपासून चौविहाराचा नियम. मी बँकेतून निवृत्त झालेला, म्हणून हिशेबाची वही ओघानेच माझ्याकडे आली.

आपला जिल्हा समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटर उंचीवर, तर लेह सुमारे 3,500 मीटरवर. विमानाने एकदम तेथे उतरण्यापेक्षा श्रीनगरहून रस्त्याने हळूहळू चढावे, असा डॉक्टरांचा सल्ला होता. त्याप्रमाणे झोजी ला (3,528 मीटर) ओलांडून कारगिलला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी नमिका ला व फोटू ला (4,108 मीटर) पार करून लेहला पोहोचलो. ‘ला’ म्हणजे तिकडच्या भाषेत खिंड. लेहला दोन दिवस केवळ विश्रांती घेतली.

कंदमूळ वर्ज्य असल्याने शिधा आणि कुकर सोबत होता. तेथे हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळते. धानाच्या जिल्ह्यातील आम्हा मंडळींना उघड्या पातेल्यात भात शिजेना, याचे मोठे नवल वाटले. सूर्यास्त मात्र साडेसातच्या सुमारास होई. त्यामुळे रात्रीपूर्वी जेवण आटोपणे सोपे गेले.

पुढे खारदुंग ला ओलांडून नुब्रा खोऱ्यात जाऊन आलो. त्या खिंडीच्या प्रसिद्ध फलकावर उंची 18,380 फूट लिहिलेली असे. आधुनिक मोजणीनुसार ती सुमारे 17,580 फूट भरते. आठशे फुटांची ही तफावत ऐकून माझ्यातला बँक अधिकारी सुखावला. फलकावरील आकडा आणि प्रत्यक्ष शिल्लक यांचा मेळ न बसणे, हा माझ्या नोकरीतला नित्याचा अनुभव! पण दोनच दिवसांनी असा एक मेळ तपासायचा मीच विसरलो.

पँगाँगच्या दिवशी पहाटे निघालो. लेहहून तिकडे जाणारा नेहमीचा रस्ता सुमारे 5,360 मीटर उंचीची चांग ला ओलांडून जातो. एवढ्या उंचीवरही हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच, सुमारे 21 टक्के असते. परंतु हवाच विरळ असल्याने प्रत्येक श्वासात तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्माच मिळतो. चढ सुरू झाला तसे ताईंचे बोलणे थांबले. विचारले की म्हणत, “बरी आहे मी, भाऊ.” खिंड काही वळणांवर राहिली असता त्यांना उलटी झाली. डोके आदल्या संध्याकाळपासूनच दुखत होते, हे तेव्हा कळले. आपल्यामुळे साऱ्यांचा बेत मोडू नये म्हणून त्यांनी ते लपवले होते.

आणि त्या क्षणी मी काय बोललो? “तंबूंचे पैसे आगाऊ भरले आहेत, ते परत मिळणार नाहीत. तासाभराचाच प्रश्न आहे, प्राणवायूची नळकांडी आहेच.” वहीतला आकडा मला समोरच्या माणसापेक्षा मोठा वाटला. आमचा लडाखी चालक काही बोलला नाही. त्याने गाडी कडेला घेतली, ताईंच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि गाडी वळवली. नंतर एवढेच म्हणाला, की खिंड ओलांडून सरोवराकाठी त्रास वाढला, तर परत येताना पुन्हा हीच खिंड चढावी लागते. हे साधे गणित मला सुचले नव्हते.

खाली उतरता उतरताच ताईंना थोडा आराम पडला. लेहच्या रुग्णालयात प्राणवायू आणि औषध मिळाले. उंचीचा त्रास आणि शरीरातील पाण्याची कमतरता, असे दुहेरी निदान झाले. कोणीतरी लगेच चौविहाराला दोष दिला. ताई शांतपणे म्हणाल्या, “नियमाने काही झाले नाही. दिवसाही मी घोटभरच पाणी घेत होते. रस्त्यात बायकांसाठी सोय नसते. वारंवार गाडी थांबवा म्हणायला संकोच वाटतो.” आम्ही पुरुष निरुत्तर झालो. आम्हाला चहा हवा तेथे गाडी थांबत होती. स्त्रियांना कोठे थांबायचे आहे, हे कोणी विचारलेच नव्हते. त्या रात्री औषधासोबत पाणी घेण्याचा प्रश्न आला, तेव्हा त्यांनीच सांगितले, की पच्चक्खाणातच आजारपणासाठी आगार ठेवलेले असतात. शास्त्रकारांना माणसाच्या शरीराची जाण होती, सहप्रवाशांना नव्हती.

दोन दिवसांनी ताईंच्याच आग्रहावरून इतर मंडळी पँगाँगला जाऊन आली. ताईंजवळ त्यांची भाची आणि मी थांबलो. परतलेल्यांनी घटकेघटकेला पालटणाऱ्या निळाईचे वर्णन केले. सुमारे 134 किलोमीटर लांबीचे, तिबेटपर्यंत पसरलेले ते विस्तीर्ण पाणी. पण ओंजळीत घेऊन पाहिले तर खारट! पाणी येते, बाहेर पडायला वाट नाही. सूर्य पाणी तेवढे नेतो, क्षार मागे ठेवतो. मला आपले मालगुजारी तलाव आठवले. पूर्वजांनी, विशेषतः कोहळी समाजाने, पाळ बांधताना पाण्याला बाहेर पडायला पाटही ठेवला. ते पाणी धानाच्या बांध्यांत वाहत राहते, म्हणून गोडे राहते. आगाऊ भरलेल्या पैशांना धरून बसलेले माझे मन त्या दिवशी वाट नसलेल्या सरोवरासारखे झाले होते.

त्याच संध्याकाळी संवत्सरीची वाट न पाहता मी ताईंना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले. त्या हसून म्हणाल्या, “मीही म्हणते, भाऊ. दुखणे लपवले, तेही खोटेच बोलणे झाले.”

अशा प्रवासाला निघणाऱ्या कुटुंबांना एवढेच सुचवावेसे वाटते. निघण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. ज्यांचा नियम आहे त्यांनी डॉक्टर आणि गुरुमहाराज, दोघांचेही मार्गदर्शन घ्यावे. चढ हळूहळू चढावा. डोके दुखू लागले की निःसंकोच सांगावे आणि त्रास थांबेपर्यंत आणखी वर जाऊ नये. वाढला तर तत्काळ खाली उतरावे. दर दोन तासांनी गाडी थांबवावी, तीही स्त्रियांना विचारून. आणि बुडणाऱ्या आगाऊ रकमेसाठी अंदाजपत्रकात आधीच तरतूद करावी, म्हणजे ऐन वेळी हिशेबनीसाची जीभ घसरणार नाही.

जय जिनेंद्र.