दवाखान्यातून घरी आलेल्यांची तपासणी

२३ मार्च २०२० रोजी इस्लामपुरात करोनाचे रुग्ण आढळले आणि सांगली जिल्ह्याचे नाव राज्यभर झाले. पुढे सातारा, कराड, सांगली, मिरज इथले दवाखाने भरून गेले. आपल्यातील कितीतरी जण ऑक्सिजनवर दिवस काढून घरी परतले. घरच्यांनी अल्लाहचे आभार मानले, सदका दिला आणि आजार संपला असे धरून चालले.

अशा लोकांविषयीच आम्हाला लिहायचे आहे. अब्बांना जिना चढताना दम लागतो, अम्मी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारते. घरचे म्हणतात, वय झाले. पण दर वेळी कारण वयच असेल असे नाही.

करोनामुळे दवाखान्यात राहिलेल्या २५९ रुग्णांची ब्रिटनमध्ये एमआरआय तपासणी झाली. ते घरी जाऊन सरासरी पाच महिने झाले होते. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांच्या एकाहून अधिक अवयवांत दोष दिसले. करोना न झालेल्यांच्या तुलनेत फुफ्फुसांतील दोषांचे प्रमाण सुमारे १४ पट, मेंदूतील ३ पट आणि किडनीतील २ पट होते. हृदय आणि यकृतात मात्र असा फरक दिसला नाही.

विषाणूशी लढताना शरीरात उठलेला दाह, रक्ताच्या बारीक गुठळ्या आणि ऑक्सिजनची कमतरता यांमुळे अवयवांना इजा होते. फुफ्फुसाची इजा धाप लागल्यावर तरी कळते. किडनीची बराच काळ कळतच नाही. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर धोका आणखी वाढतो.

म्हणून त्या वेळचे डिस्चार्ज कार्ड शोधून काढा आणि डॉक्टरांना दाखवा. रक्तातील क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने, साखर आणि रक्तदाब या साध्या तपासण्या आहेत. मिरजेचे शासकीय रुग्णालय किंवा साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय इथेही विचारता येईल. दम लागत असेल तर छातीची तपासणी करून घ्या. अंगदुखीवर मनानेच गोळ्या आणून रोज खाऊ नका. दुखण्याच्या अनेक गोळ्या किडनीला त्रास देतात.

किडनीचा आजार किंवा मधुमेह निघाला तर रमजानच्या आधीच रोज्यांविषयी डॉक्टरांशी बोला. आजारी माणसाला रोजे पुढे ठेवण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. ती घेण्यात संकोच नको.

शेवटी बहिणींसाठी एक गोष्ट. घरातील पुरुषाची तपासणी होते; बाईचे 'बघू नंतर' म्हणून राहून जाते. तीही दवाखान्यात राहून आली असेल, तर त्याच दिवशी तिलाही सोबत न्या.