पिशवी पांढरी झाली, पण अळंबी कुठे?

मंडळाच्या गेल्या दोन-तीन भेटींत चहाच्या वेळी एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकली. "पिशवी पांढरीशुभ्र झाली, वासही चांगला येतो, महिना होत आला, पण अळंबी काही उगवेना." कोणी म्हणाले बियाणे जुने, कोणी म्हणाले इथले पाणी बाधले, एका काकूंनी तर पिशवीची दृष्ट काढायला सांगितली. आम्ही पेशाने रसायनशास्त्राचे, नोकरी सित्राच्या औद्योगिक भागात, आणि मंडळाच्या कामात लुडबुड करण्याची सवय. तेव्हा हा प्रश्न फिरत फिरत आमच्याकडे येणार हे ठरलेलेच होते. घरी गेले तीन हिवाळे आम्ही धिंगरी काढतो आहोत. त्या आधारावर चार गोष्टी सांगतो.

आधी बियाण्याची बाजू घेऊ. पिशवी आतबाहेर पांढरी झाली याचा अर्थ बियाणे उत्तम होते, भुसा नीट उकडला होता आणि बुरशीचे पोट भरले आहे. तिचे काम अर्धे झाले. पुढचे अर्धे अडते ते भुकेमुळे नाही, हवेमुळे. हे एकदा लक्षात आले की बाकीचे सगळे सोपे होते.

कोकणातला पावसाळा आठवा. पहिले चार पाऊस पडून गेले की वारुळाजवळ, कुजक्या ओंडक्यावर एका रात्रीत अळंबी उभी. गोव्याकडची मंडळी या दिवसांत अळम्यांची वाट बघतात, घाटावर पोरे त्याला कुत्र्याची छत्री म्हणून लाथ मारतात. (रानातली अळंबी ओळखणाऱ्या जाणत्या माणसाशिवाय खाऊ नये, हे इथेच सांगून टाकतो. विषारी आणि खाण्याजोगी यांत फरक करणारी चांदीच्या चमच्याची वगैरे परीक्षा खोटी आहे.) ही एका रात्रीची किमया खरे तर महिनोन् महिने चाललेल्या कामाचा शेवट असते. बुरशीचे धागे लाकडात, मातीत, अंधारात खात पसरत असतात. तिथे हवा कोंडलेली आणि तिच्याच श्वासाने कार्बन डायऑक्साइडने भरलेली असते. धागे पृष्ठभागाशी आले की चार गोष्टी एकदम बदलतात: ताजी हवा लागते, उजेड दिसतो, गारवा जाणवतो आणि दमटपणा मिळतो. या बदलाचा अर्थ बुरशी असा लावते की आपण उघड्यावर आलो, आता बीजाणू वाऱ्यावर सोडायला हरकत नाही. अळंबी म्हणजे तिचे फळ. बुरशी फळ धरते ती बदलाच्या खुणेवर.

आता आपल्या फ्लॅटकडे बघा. दारे-खिडक्या बंद, एसी चोवीस तास चालू, दिवस-रात्र २४ अंश. बदल नावाची गोष्टच नाही. कोकणात जे आकाश फुकट करते ते इथे आपल्याला हाताने करावे लागते.

पहिली अडचण कोरडेपणाची. बाहेर ऑगस्टमध्ये अंगाला कपडे चिकटतात, म्हणून आपल्याला वाटते बहरीनची हवा दमटच. बाहेर ती आहे, घरात नाही. थोडे गणित करू. २४ अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २२ ग्रॅम बाष्प मावते. एसीचे आतले वेटोळे साधारण १० ते १२ अंशांवर असते. त्यावरून गेलेल्या हवेत १० ग्रॅमच्या आसपास बाष्प उरते, बाकीचे पाणी होऊन बाहेरच्या नळीतून ठिबकते. म्हणजे खोलीची आर्द्रता ४५ ते ५० टक्के. धिंगरीला फळ धरताना ८५ ते ९५ टक्के लागते. टाचणीच्या डोक्याएवढे कोंब येतात आणि दुसऱ्या दिवशी पिवळे पडून वाळतात, त्याचे कारण हे. एका वहिनींनी विचारले, मग एसीचे ठिबकलेले पाणीच परत फवारले तर? कल्पना काटकसरीची आहे, पण त्या पाण्यात वेटोळ्यावरची धूळ, जंतू आणि धातूचे अंश येतात. पिण्याचे पाणी वापरा, रोज लागते तेवढे लोटीभरच.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणून जास्त फसवते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण आज दहा लाख भागांत ४२० च्या थोडे वर आहे. धिंगरीला फळ धरताना ते हजाराच्या आत हवे. आपले भिंतीवरचे स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाहीत, खोलीतलीच हवा गार करून परत सोडतात, हे पुष्कळ जणांना ठाऊक नसते. दोन माणसे दार लावून रात्रभर झोपली की सकाळपर्यंत त्या खोलीत हे प्रमाण दोन हजारांच्या वर सहज जाते. अशा खोलीतल्या पिशवीतून अळंबी आलीच तर लांबलचक दांडे आणि वर शर्टाच्या बटणाएवढी टोपी. बुरशी अजून उघड्या हवेच्या शोधात मान लांब करते आहे असे समजा. आम्हाला तर वाटते की लांब दांड्याची धिंगरी हे एक स्वस्तातले यंत्रच आहे. ज्या खोलीत ती तशी येते तिथे आपली मुले अभ्यासाला बसतात, झोपतात. ती सकाळी जड डोक्याने उठत असतील तर आधी खिडकी उघडून बघावी.

गंमत अशी की या दोन अडचणी एकमेकींच्या वैरिणी आहेत. हवा खेळवावी तर ओलावा जातो, ओलावा धरावा तर हवा कोंडते. पिशवी प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करणारे एका बाजूला चुकतात, पंख्याखाली ठेवणारे दुसऱ्या. महाराष्ट्रातले लहान उत्पादक यावर ओल्या गोणपाटाचा उपाय करतात. शेडच्या बाजूंना गोणपाट टांगून त्यावर दिवसातून दोन-तीनदा पाणी मारतात. गोणपाटातून हवा जाते आणि जाताना ओली होते. इथे आम्ही कपडे वाळवायच्या घडीच्या स्टँडवर जुने सुती धोतर टाकतो. खालची टोके पाण्याच्या ताटात बुडलेली, म्हणजे कापड आपोआप पाणी ओढत राहते. आत पिशव्या. दिवसातून चार-पाच वेळा धोतर वर करून पुठ्ठ्याने मिनिटभर वारा घालायचा, मग फवारा, मग परत झाकायचे. फवारा धोतरावर आणि हवेत मारावा, कोंबांवर नाही. टोपीवर पाणी साचून राहिले की पिवळे-तपकिरी चिकट डाग पडतात. तो जिवाणूंचा रोग आहे. धोतर दोन दिवसांनी धुऊन टाकावे, नाहीतर त्याच्यावरच वेगळी शेती सुरू होते. दीडशे फिल्सचा आर्द्रतामापक मिळत नाही, पण दोन-तीन दिनारांत डिजिटल मिळतो, तो आत टांगा. अंदाजावर जाऊ नका.

उजेड म्हणजे ऊन नव्हे. वर्तमानपत्र वाचता येईल इतका ट्यूबचा किंवा खिडकीचा उजेड दिवसातून दहा-बारा तास पुरतो. अळंबी अंधारात वाढते हा समज बटण अळंबीवरून आला आहे; धिंगरीला उजेड नसेल तर टोपी नीट होत नाही.

पिशवी कापायची कशी, यावर मतभेद आहेत. भारतातल्या बहुतेक पत्रकांत प्लॅस्टिक पूर्ण काढून टाका असे लिहिलेले असते. दमट शेडमध्ये ते बरोबर आहे. एसीच्या फ्लॅटमध्ये तसे केले तर दोन दिवसांत गठ्ठ्याची साल कडक होते. आम्ही ब्लेडने दीड-दोन इंचांच्या फुल्या मारतो, एका पिशवीला सहा-सात. कोंब तेवढ्याच जागी येतात, बाकीचा ओलावा आत राहतो.

आता गारवा, आणि इथेच बहरीनकर नशीबवान आहेत. डिसेंबर ते फेब्रुवारी आपल्याकडे तापमान साधारण १४ ते २१ अंश आणि हवाही बऱ्यापैकी दमट. एसी बंद, गॅलरीचे दार उघडे. ज्या राखी धिंगरीचे शास्त्रीय नाव प्ल्यूरोटस ऑस्ट्रिएटस, तिला फळ धरायला हेच हवामान लागते. जुलैत हिच्याशी झटापट करण्यात अर्थ नाही. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरसाठी साजोर-काजू किंवा गुलाबी धिंगरी घ्यावी, ती २५ ते ३० अंशांतही येते. उन्हाळ्यात करायचीच हौस असेल तर दुधी अळंबी आहे, तिला ३० ते ३५ अंश मानवतात. पण तिच्यावर मातीचा थर द्यावा लागतो आणि ते काम नवशिक्याचे नाही. बटण अळंबी घरी करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. तिचे कंपोस्ट करताना शेजारी दार ठोठावतील. ऋतू पाहून वाण निवडला की अर्धी मेहनत वाचते; पिशव्या भरायच्या त्या नोव्हेंबरच्या मध्यावर, म्हणजे पंधरा-वीस दिवसांत धागे पसरून डिसेंबरच्या गारव्याला माल तयार.

भरण्याबद्दल थोडक्यात. चाऱ्याच्या दुकानातला गव्हाचा भुसा रात्रभर भिजवून ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवावा. भारतात भुसा फॉर्मॅलिन आणि बाविस्टिनच्या पाण्यात भिजवण्याची पद्धत रूढ आहे. ती मोकळ्या शेडची पद्धत आहे. फॉर्मॅलिन कशाला म्हणतात ते आम्ही जाणतो. बंद फ्लॅटमध्ये, मुलांच्या घरात ते आणू नका, गरम पाणी पुरते. निथळलेला भुसा मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. ओल्या भुशाच्या वजनाच्या दोन-तीन टक्के बियाणे. हिरवी बुरशी दिसली तर ती पिशवी गाठ मारून ताबडतोब घराबाहेर. सित्रा बेट एके काळी खजुराच्या बागांनी आणि गोड्या पाण्याच्या झऱ्यांनी भरलेले होते. झरे आटले, बागा उरल्या त्या थोड्या. पण आजही छाटणीच्या वेळी खजुराच्या झावळ्यांचे ढीग पडतात. त्या बारीक कापून भुशात चौथा हिस्सा मिसळल्या तर धिंगरी आनंदाने खाते.

बियाण्यासाठी बरेच जण पुण्याकडे बघतात आणि ते योग्यच आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळंबी संशोधनाचे केंद्र आहे, तिथे प्रशिक्षणही मिळते. धिंगरीची लागवड जर्मनीत १९१७ साली सुरू झाली. आपल्याकडे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संस्थेत बानो आणि श्रीवास्तव यांनी १९६२ मध्ये भाताच्या पेंढ्यावर ती घेऊन दाखवली. हिमाचलातल्या सोलनला १९८३ मध्ये राष्ट्रीय केंद्र निघाले. मात्र बियाणे म्हणजे जिवंत बुरशी. ती बॅगेतून आणायची तर इथल्या परवानगीची चौकशी आधी करा, आणि उतरल्यावर उन्हातल्या गाडीत तासभर विसरू नका. त्यानंतर ते बियाणे राहत नाही, नुसते उकडलेले गहू राहतात.

एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. धिंगरी पिकली की लक्षावधी पांढरे बीजाणू सोडते. पिशवीखालच्या फरशीवर पिठासारखा थर दिसतो. अळंबीच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांना याच बीजाणूंमुळे खोकला, ताप आणि धाप असा फुफ्फुसाचा विकार होतो. घरात कोणाला दमा असेल, विशेषतः लहान मुलाला, तर धिंगरी घरात करू नका. ज्यांना त्रास नाही त्यांनीही ती झोपायच्या खोलीत ठेवू नये. गॅलरी किंवा बाहेर हवा टाकणारा पंखा असलेले न्हाणीघर बरे. टोपीची कड खाली वळलेली असतानाच अळंबी पिळून काढावी. कड सपाट झाली म्हणजे उशीर झाला. "अजून थोडी मोठी होऊ दे" हा मोह वजनासाठी असतो, पण चवही त्याच दिवशी उतरते.

एक किलो कोरड्या भुशाला दोन-तीन तोडण्यांत मिळून अर्धा ते एक किलो अळंबी येते. पहिली तोडणी मोठी, दुसरी आठ-दहा दिवसांनी, तिसरी नावापुरती. चौथीची वाट बघणाऱ्यांच्या घरी चिलटे होतात. तिसरीनंतर गठ्ठा फोडून कढीपत्त्याच्या आणि तुळशीच्या कुंड्यांत टाकावा.

मंडळाच्या कपाटात एक आर्द्रतामापक ठेवला आहे. वहीत नाव लिहून आठवड्यासाठी न्यावा, आणि परत करताना घरातल्या कोणत्या खोलीत किती टक्के आढळले तेही त्याच ओळीत लिहावे.