पाचव्या-सहाव्या तासाला ‘शारदा’

सकाळी ६

गॅसवर एका बाजूला चहा, दुसऱ्या बाजूला मेथीची भाजी, आणि ओट्याच्या कोरड्या कोपऱ्यात नाटककार गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’ची झेरॉक्स. आज नववीचा पाचवा आणि सहावा तास जोडून मिळाला आहे. सहावा तास मुळात भूगोलाचा. सरांकडून मागून घेतला, बदल्यात शनिवारी ते माझा तास घेतील. पस्तीस मिनिटांत नाटक होत नाही. बाक भिंतीकडे सरकवण्यातच दहा जातात आणि मुलं जरा पात्रात शिरतात तोवर घंटा होते.

पेन्सिलीनं शेवटची काटछाट चालू आहे. तीन प्रवेश घेतलेत. दलाल भद्रेश्वर दीक्षित म्हाताऱ्या भुजंगनाथाला बोहल्यावर चढायला फुलवतो तो पहिला, पैशांसाठी आपली मुलगी शारदा त्या म्हाताऱ्याला द्यायला निघालेल्या कांचनभटाच्या घरातला दुसरा आणि लग्नाच्या मांडवातला तिसरा. पदं जवळजवळ सगळी गाळावी लागली. संगीत नाटकातली पदं गाळणं ही लहान गोष्ट नाही. लोकांना ‘शारदा’ आठवते ती पदांमुळेच. पण वर्गात सगळ्यांना गाता येत नाही आणि गद्य सगळ्यांना बोलता येतं. देवलांचं गद्य तर बोलण्यासाठीच लिहिलेलं आहे. १८९९ साली किर्लोस्कर मंडळीनं रंगभूमीवर आणलेल्या या नाटकातलं वाक्य आजचं नववीतलं पोर फारसं न अडखळता म्हणतं. त्याच काळातली इतर नाटकं वर्गात वाचून बघा, फरक लगेच कळेल.

सकाळी ९.४५

मी हरिपूरला राहते, शाळा सांगलीत. निघताना संगमेश्वराच्या देवळावरून येते. तिथे वारणा कृष्णेला मिळते. हरिपूर बाहेरच्यांना हळदीच्या पेवांसाठी माहीत असतं. आमच्यासाठी ते गोविंद बल्लाळ देवलांचं गाव आहे. इथल्या पारावर बसून त्यांनी ‘शारदा’ लिहिली असं गावात सांगतात. वर्गातल्या निम्म्या मुलांनी तो पार पाहिलेला असतो, आणि तिथं बसलेल्या माणसानं नाटक लिहिलं हे ऐकल्यावर त्यांचं नाटककार या प्राण्याविषयीचं भय जातं.

देवल स्वतः मास्तर होते. बेळगावला अण्णासाहेब किर्लोस्करांकडे शिकले, पुढे शिक्षक झाले आणि मग नाटक कंपनीत नटांना तालीम देऊ लागले. त्यांची नाटकं एकूण सात. त्यांतली सहा संस्कृत, इंग्रजी किंवा फ्रेंच साहित्यकृतींवर आधारलेली. ‘झुंजारराव’ म्हणजे शेक्सपिअरचा ‘ऑथेल्लो’. ‘शारदा’ तेवढं संपूर्णपणे स्वतःचं. परक्या कथा उत्तम मराठीत आणणारा हा माणूस स्वतःची कथा लिहायला बसला तेव्हा त्यानं शेजारच्या घरातली मुलगी निवडली. मला देवलांबद्दल सर्वांत जास्त आदर या एका निवडीमुळे वाटतो.

सकाळी ११ ते दुपारी १.३०

परिपाठ, प्रतिज्ञा, हजेरी. आठवीला प्रयोग आणि समास, सातवीला एक बदली तास. मधल्या मोकळ्या तासात ऑनलाइन माहिती भरायचं काम. नेट दोनदा गेलं.

दुपारी १.३०, मधली सुट्टी

डबा उघडला तोवर नववीतली चार मुलं दारात. पात्रवाटपाचा घोळ अजून मिटलेला नाही. ज्याला शारदा दिली आहे तो मुलगा मान खाली घालून उभा आणि त्याच्या वतीनं मित्र बोलतोय, “बाई, त्यो नाय म्हणालाय. पोरं आयुष्यभर चिडवतील की.”

शारदेचं काम मुलाला देणं ही माझी लहर नव्हे. किर्लोस्कर मंडळीत सगळी कामं पुरुषच करत. १८९९ सालची शारदा मुलगाच होता. पुढे बालगंधर्वांनी ही भूमिका केली, आणि बालगंधर्व तर आमच्याच जिल्ह्यातल्या नागठाण्याचे. हे सांगितल्यावर मित्राचा आवाज खाली आला. मी त्या मुलाला एवढंच म्हटलं, “बायकी आवाज काढायचा नाही. लचकायचं नाही. तू आहेस तसा उभा राहा आणि तुझं लग्न तुला न विचारता ठरतंय एवढं डोक्यात ठेव.” तो विचार करत गेला.

यामागं माझं एक ठाम मत आहे. शारदेचं काम मुलीला दिलं की वर्ग तिच्याकडे कीव करत पाहतो आणि मुलांना वाटतं, हा प्रश्न त्यांचा नाही. मुलगा शारदा झाला की मुलांना पहिल्यांदा त्या जागी उभं राहावं लागतं. कांचनभट मात्र मी एका मुलीला दिलाय. तिचा आवाज खणखणीत आहे आणि घरातले व्यवहार तिनं डोळे उघडे ठेवून पाहिलेले आहेत.

दुपारी २.१५, पाचवा तास

बाक भिंतीला लागले. मधली जागा मोकळी. शिपाईमामांनी ऑफिसातली जुनी शाल दिली, ती भुजंगनाथाची. काठी म्हणून झेंड्याची काठी. पगड्या कुणीही केल्या नाहीत, केल्या असत्या तर मी काढायला लावल्या असत्या. वेशभूषेत तास जातो आणि वाक्यं राहतात.

पहिल्या प्रवेशाला वर्ग हसून लोटपोट झाला. पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याला आपण अजून तरणे आहोत असं वाटतंय आणि समोरचा दलाल त्याच्या खुशामतीवर स्वतःची दक्षिणा मोजतोय. भुजंगनाथ झालेल्या पोरानं काठी टाकून ताठ चालून दाखवलं आणि दोन पावलांत कमरेवर हात ठेवला. हे संहितेत नाही, त्यानं स्वतः शोधलं. शेजारच्या वर्गातून गणिताचे सर डोकावून गेले. मी त्यांना हातानंच थोडं थांबायची विनंती केली, कारण हे हसू मला हवं होतं. देवलांनाही ते हवंच होतं. प्रेक्षकाला आधी हसवून आत घेतल्याशिवाय पुढचं दाखवता येत नाही, हे त्या तालीममास्तराला पक्कं ठाऊक होतं.

मग गाणं शिकणाऱ्या एका मुलीनं, म्हाताऱ्या नवरदेवाच्या वयाची थट्टा करणारं मैत्रिणींचं पद म्हटलं. मी ठेवलेलं हे एकच पद. पुन्हा हसू.

आणि मग दुसरा प्रवेश. कांचनभट आणि इंदिराकाकू, नवरा-बायको. इथे मी एक बदल करते. शारदेला पूर्ण वेळ समोर, सगळ्यांना दिसेल अशी उभी ठेवते. तिचं बोलणं असो वा नसो, आईबाप तिच्याविषयी बोलताहेत आणि ती ऐकते आहे.

कांचनभट झालेल्या मुलीनं पैशाचा विषय निघताच आवाज चढवला नाही, उलट उतरवला. उकिडवी बसली, बोटांच्या पेरांवर हिशेब करू लागली. मी नंतर विचारलं, असं का केलंस? म्हणाली, “बाई, घरात पैशाचं बोलणं असंच हळू असतंय. ओरडायचं ते बाकीचं असतंय.” कांचनभटाला खलनायक करून ओरडत राहणारे मोठे नट मी पाहिले आहेत. या पोरीचा बाप जास्त भीतिदायक होता, कारण तो ओळखीचा होता.

आणि तो मुलगा. सुरुवातीला मित्रांकडे बघून ओठ चावत होता. आई विरोध करते, बाप तो झटकून टाकतो, हे दोनदा झाल्यावर त्यानं मित्रांकडे बघणं सोडलं. शर्टाचं शेवटचं बटण धरून पिरगळत राहिला. इंदिराकाकूचं बोलणं संपलं तेव्हा त्यानं फक्त तिच्याकडे पाहिलं. पहिल्या प्रवेशाचं हसू वर्गात कुठेच उरलं नव्हतं. भुजंगनाथ झालेला पोरगा शाल काढून मांडीवर घेऊन बसला होता.

इंदिराकाकूचं काम करणाऱ्या मुलीला मी थांबवलं आणि तिचं शेवटचं वाक्य तीन तऱ्हांनी म्हणायला लावलं: रागानं, विनवणीनं आणि हरल्यासारखं. वर्गानं एकमुखानं तिसरं निवडलं. का, याचं कारण त्यांना सांगता येईना. मीही ओढून काढलं नाही. प्रश्नोत्तरांच्या वहीत ‘इंदिराकाकूचे स्वभावचित्र’ दहा ओळींत लिहिण्यापेक्षा हा निर्णय मला मोठा वाटतो.

दुपारी २.५०, सहावा तास

मांडवाचा प्रवेश सगळ्या वर्गाचा असतो. बोलणारी पात्रं मोजकी, बाकी सगळे पाहुणे. अंतरपाट म्हणून टेबलावरचं कापड. पाहुण्यांना माझी सूचना अशी: तुम्हाला सगळं माहीत आहे. नवरदेवाचं वय माहीत आहे, पैसे घेतलेत हे माहीत आहे. तुम्ही जेवायला आला आहात. बोलायचं नाही.

अख्खा वर्ग न बोलता उभा. मधे शाल पांघरलेला म्हातारा, समोर शर्टाचं बटण धरलेली शारदा. मग कोदंड नावाचा तरुण पुढे येऊन सांगतो की वधू-वर सगोत्र आहेत, हे लग्न होऊ शकत नाही. गोंधळ उडतो.

प्रवेश संपल्यावर मागच्या भिंतीपासून एका मुलीचा हात वर. “बाई, म्हणजे शारदा नको म्हणत्येय म्हणून लग्न थांबत नाही?”

नाही, त्यासाठी थांबत नाही. गोत्र एक निघालं म्हणून थांबतं. गोत्र वेगळं असतं तर अक्षता पडल्या असत्या. ‘शारदा’ शिकवायची ती या जागेसाठी. देवलांनी सुधारकी भाषण देऊन लग्न मोडलं असतं तर ते खोटं झालं असतं. १८९९ च्या मांडवात मुलीच्या नकाराला वजनच नव्हतं. शास्त्राला होतं. म्हणून त्यांनी शास्त्रातलीच आडकाठी काढली. आणि लग्न मोडल्यावरही सुटका नाहीच. अर्ध्यावर मोडलेल्या लग्नाची मुलगी म्हणून शारदा जीव द्यायला निघते, कोदंड तिला वाचवतो, आणि त्या दोघांच्या लग्नाला मान्यता मिळते ती शंकराचार्यांकडून. तिच्या बाजूनं निकाल लागतो, पण निकाल देणारे सगळे दुसरेच.

फळ्यावर सालं लिहिली. १८९१: संमतीवयाचा कायदा, वय दहावरून बारा, आणि त्यावरून महाराष्ट्रात उठलेलं काहूर. देवल नाटक लिहीत होते तेव्हा तो वाद ताजा होता. १९२९: सारडा कायदा, मुलीचं किमान वय चौदा, मुलाचं अठरा. मुलं दर वेळी म्हणतात, नाटकावरूनच कायद्याचं नाव पडलं. नाही, ते अजमेरच्या हरबिलास सारडांचं आडनाव. १९७८: मुलगी अठरा, मुलगा एकवीस. २००६: आजचा बालविवाह प्रतिबंधक कायदा. यात लग्न लावणाऱ्याला आणि त्याला उत्तेजन देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, आणि बालविवाहात सहभागी होणं, हजर राहणं यालाही तो उत्तेजनच समजतो.

“म्हणजे आम्हीपण?” मघाशी पाहुणे झालेल्यांपैकी एकानं विचारलं.

हो, म्हटलं, तुम्हीपण.

सायंकाळी ४.१५

शिक्षककक्षात गणिताचे सर भेटले. आवाजाबद्दल रागावले नव्हते. त्यांची शंका सरळ होती: सव्वाशे वर्षांपूर्वीचा प्रश्न, आता कुठे राहिलाय? मी त्यांना राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा सांगितला. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. पाचांत एकीहून अधिक. आपल्या जिल्ह्यात हंगामाला मराठवाड्यातून ऊसतोड टोळ्या येतात. त्यांच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यामागं मिळते, म्हणून मुलगी लवकर उजवली जाते. म्हातारा नवरा आता क्वचित दिसतो. कांचनभटाचा हिशेब मात्र अजून चालू आहे. सर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, पुढच्या वेळी माझा तासही घ्या.

रात्री ९

गृहपाठ एकच होता: मांडवातला एक पाहुणा निवडा आणि त्या रात्री घरी गेल्यावर तो काय म्हणाला ते एक पान लिहा. काहींनी सुटण्याआधीच लिहून दिलं. एका मुलानं आचारी निवडलाय. त्याला शिजवलेल्या अन्नाची चिंता आहे आणि शारदेचा उल्लेख सबंध पानात एकदाच येतो. एकीनं भटजींची बायको निवडली आहे. ती नवऱ्याला विचारते, गोत्र आधी का नाही बघितलंत, आणि उत्तर येतं, कुणी विचारलंच नाही. कोदंड कुणीही निवडलेला नाही. वीर होण्याचा सोपा रस्ता सोडून मुलं गर्दीतल्या माणसाकडे गेली, याचा मला फार आनंद झाला. शुद्धलेखनाच्या चुकांखाली आज लाल रेघ ओढली नाही.

मराठी शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे. देवल १९१६ साली गेले. ‘शारदा’च्या संहितेवर आता कुणाचा हक्क राहिलेला नाही, हव्या तेवढ्या प्रती काढता येतात, हवी तशी काटछाट करता येते. वर्षातून एकदा दोन तास जोडून घ्या, बाक सरकवा, शारदा मुलाला द्या. आणि तास संपताना फळ्यावर चाइल्डलाइनचा क्रमांक लिहा: १०९८. तो चोवीस तास चालू असतो आणि फोन करायला पैसे पडत नाहीत.