सूज आटोक्यात कोण ठेवतं?

‘सूज म्हणजे आग. बाहेरून औषध ओतलं नाही, तर ती पसरतच जाणार.’ गुडघा दुखणाऱ्या प्रत्येकाला हे कुणी ना कुणी ऐकवतंच. शिकलेली माणसंही ठामपणे सांगतात, तेव्हा संताप येतो; कारण या समजुतीपोटी गोळ्या विनाकारण पोटात जातात.

पेशीत काय घडतं ते पाहा. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये शोधलेलं एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन एरवी आयकप्पाबी-अल्फा या दुसऱ्या प्रथिनाने जखडलेलं असतं. जंतूचा किंवा इजेचा संदेश आला की आयकप्पाबी-अल्फा नष्ट होतं. मोकळं झालेलं एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरतं आणि टीएनएफसारखे सूज वाढवणारे रेणू बनवणारी जनुकं चालू करतं. बहुतेकांची माहिती इथेच संपते. पण त्याच वेळी ते आयकप्पाबी-अल्फाचंही जनुक चालू करतं! नव्याने बनलेलं हे प्रथिन केंद्रकात जातं, एनएफ-कप्पा-बीला डीएनएवरून सोडवतं आणि बाहेर घेऊन येतं. म्हणजे सूज सुरू करणाराच तिच्या लगामाचीही सोय करतो. संदेश चालू राहिला, तर हीच फेरी पुन्हा होते. जिवंत पेशींमध्ये ती सुमारे शंभर मिनिटांची असल्याचं २००४ मध्ये ‘सायन्स’मधल्या संशोधनात दिसलं.

हा लगाम किरकोळ वाटत असेल, तर ए-२० या प्रथिनाचं पाहा. त्याचंही जनुक एनएफ-कप्पा-बीच चालू करतं आणि ते येणारा संदेशच तोडतं. ए-२० नसलेले उंदीर तीव्र दाहाने अकाली मेले, हे २००० मध्ये प्रसिद्ध झालं. माणसात या जनुकाची दोनपैकी एक प्रत बिघडली तरी लहानपणापासून तोंडात वारंवार व्रण येतात, सांधे आणि आतडी सुजतात; अशा कुटुंबांची नोंद २०१६ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’ने छापली.

‘प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी चांगली’ हेही चूक. वरचे उंदीर लगाम सुटल्यानेच मेले. हळदीचं दूध खुशाल प्या, पण काचेच्या बशीतल्या पेशींत हळदीतल्या कर्क्युमिनने सूज रोखली, म्हणून सांध्यातही तसंच होईल असं नाही. कर्क्युमिन रक्तात फारच थोडं पोहोचतं.

‘स्टेरॉइड लवकर घेतलेलं बरं’ हा समज कोविडमध्ये महागात पडला. ब्रिटनमधल्या २०२० च्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले; ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना काहीच फायदा झाला नाही.

आणि स्टेरॉइड बरेच दिवस चालू असेल, तर मनाने एकदम बंद करू नका. गोळ्यांच्या काळात शरीर कॉर्टिसोल हे स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं आणि ते पूर्ववत व्हायला वेळ लागतो. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच उतरवा.