सर्व्हरांची जोडी आणि सामाईक भांडार

इंदूरहून खंडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिमरोल हे गाव लागते. 2009 साली स्थापन झालेली इंदूरची आयआयटी आज येथे आहे. अशा विद्यासंस्थेत विद्यार्थ्यांची नोंदणी, परीक्षांचे निकाल, ग्रंथालयाच्या याद्या ही सारी कामे सर्व्हर नावाच्या संगणकांवर अवलंबून असतात. सर्व्हर हे यंत्रच. केव्हातरी ते बंद पडावयाचेच. मग यंत्र थांबले तरी काम थांबू नये, याची तजवीज कशी करतात?

एकाऐवजी दोन सर्व्हर ठेवावयाचे, हा पहिला उपाय. एकाने काम करावे, दुसऱ्याने सज्ज राहावे. परंतु माहिती पहिल्याच्याच पोटात असेल, तर दुसऱ्याला ते काम पुढे नेता येणार नाही. म्हणून ती एका सामाईक भांडारात ठेवतात आणि दोन्ही सर्व्हर त्याला जोडतात. दोघे क्षणोक्षणी संदेश पाठवून जणू एकमेकांची नाडी पाहत असतात. पहिल्याची नाडी लागेनाशी झाली, की दुसरा भांडाराचा ताबा घेतो, पहिल्याचा पत्ता स्वतःकडे घेतो आणि काम पुढे चालवितो. यालाच फेलओव्हर म्हणतात.

खरा धोका येथेच आहे. नाडी लागली नाही म्हणजे सोबती निवर्तलाच असे नव्हे. कदाचित मधली तारच तुटली असेल. अशा वेळी दोघेही स्वतःलाच धनी समजून भांडारात लिहू लागतात. दोन कारकुनांनी एकमेकांना न विचारता खातेवहीच्या एकाच पानावर जमाखर्च मांडावा, तसा हा प्रकार! सर्व्हर बंद पडला तर काही काळ काम खोळंबते. येथे साठविलेली माहितीच नासते. यावर दोन तोडगे आहेत. पहिला गणपूर्तीचा : तिसरा साक्षीदार नेमावा आणि तिघांपैकी दोघांचे मत ज्याच्या बाजूला, त्यानेच काम करावे. दुसरा अधिक कठोर : ताबा घेण्यापूर्वी जुन्या सर्व्हरची वीज तोडावी, अथवा भांडाराचे दार त्याला बंद करावे. याचे नाव फेन्सिंग.

इतके करूनही भांडार एकच राहिले, तर तेच मर्मस्थान ठरते. त्याची दुसरी प्रत अन्यत्र ठेवतात. पण तीही वेळेवर उपयोगी पडेलच असे नाही. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे एनएसईत, 24 फेब्रुवारी 2021 रोजी सकाळी 11.40 वाजता व्यवहार थांबले. दोन निरनिराळ्या दूरसंचार कंपन्यांच्या तारा असूनही दोन्हींत बिघाड झाला आणि त्यापाठोपाठ सर्व्हरांना मुख्य भांडारापर्यंत पोहोचता येईना. चेन्नईला पर्यायी केंद्र होते. तरी कारभार तिकडे हलविला गेला नाही. व्यवहार दुपारी 3.45 ला पुन्हा सुरू झाले. पुढल्याच महिन्यात सेबीने बाजारांना वेळेची मर्यादा घालून दिली : बिघाडानंतर अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करावी आणि त्यानंतर पाऊण तासात काम पूर्ववत करावे.

तात्पर्य, दुसरे यंत्र विकत घेतल्याने निर्धास्त होता येत नाही. चालते यंत्र ठरवून बंद करावे, तार मुद्दाम काढावी आणि दुसरे यंत्र खरोखर उभे राहते का, हे वेळोवेळी पाहावे. सिमरोलची विद्यासंस्था असो वा मुंबईचा बाजार, ज्या सत्तांतराची तालीम झालेली नाही, त्यावर भरवसा ठेवता येत नाही.