कासव, त्रिकोण आणि कोडिंगची धास्ती

2020 च्या लॉकडाऊनमध्ये ज्यांच्या घरी शाळकरी मुलं होती, त्यांना वुल्फ गुप्ता आठवत असेल. कोडिंग शिकून कोवळ्या वयात कोट्यवधींच्या नोकरीवर गेलेला जाहिरातींतला मुलगा. त्याचं वय एका जाहिरातीत एक, दुसरीत भलतंच; पगाराचंही तेच. असा मुलगा मुळात नव्हताच. जाहिरात मानक परिषदेने सांगितल्यावर कोडिंगचे क्लास विकणाऱ्या त्या कंपनीने काही जाहिराती मागे घेतल्या, पण पालकांच्या मनातली धास्ती मात्र राहिली.

‘सहावीपासून कोडिंग सक्तीचं आहे’ हा त्या धास्तीचाच एक भाग. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम आणावेत असं म्हटलंय. पहिली-दुसरीतल्या मुलाला क्लासला बसवायचं कारण त्यात शोधूनही सापडत नाही. आणि उशिराची भीती? कॉलेजात गेल्यावर पहिल्यांदा कीबोर्डला हात लावलेली कितीतरी माणसं आज पुण्याच्या आयटी कंपन्यांत मोठमोठ्या पदांवर आहेत.

दुसरा प्रश्न हमखास येतो: ‘पायथन लावू की जावा?’ भाषेपासून सुरुवात करायची, हाच गैरसमज. 1967 मध्ये अमेरिकेत सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फर्झाइग यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा तयार केली. पॅपर्ट त्याआधी जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्याबरोबर काम करून आलेले. पुढे लोगोत एक कासव आलं: ‘इतकं पुढे जा, इतके अंश वळ’ एवढंच त्याला कळतं आणि चालताना ते मागे रेघ ओढतं. आता मुलाला समभुज त्रिकोण काढायचाय. पुस्तकात त्याचा प्रत्येक कोन 60 अंशांचा असतो, म्हणून मूल तीनदा सांगतं: 100 पुढे, 60 उजवीकडे. त्रिकोण काही होत नाही, अर्धवट षटकोन उमटतो! कासव आतला कोन मोजत नाही, ते बाहेरच्या बाजूने वळतं. वळायला हवं 120 अंश. हे सापडलं की मूल थांबत नाही. पूर्ण फेरी 360 ची, म्हणजे पंचकोनाला 72. पाच टोकांची चांदणी? तिथे कासव दोन फेऱ्या घेतं, म्हणून 144. या सगळ्यात मोलाचा क्षण तो फसलेला त्रिकोण. शेजारी बसलेल्या बाबांनी घाईघाईने ‘अरे, 120 टाक’ म्हटलं की त्याची वाट लागली.

हाच खेळ आज मुलांसाठीच्या ‘स्क्रॅच’ या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘पेन’ जोडून करता येतो. पॅपर्ट यांच्याच परंपरेतले मिचेल रेझनिक आणि त्यांच्या एमआयटीतल्या गटाने 2007 मध्ये स्क्रॅच सर्वांसाठी खुलं केलं. आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे, टायपिंगची चूक होण्याचा प्रश्न नाही. ‘ते कार्टून आहे हो, खरं कोडिंग कधी शिकवणार?’ असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगावं, की हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस50 हा प्रसिद्ध अभ्यासक्रम स्क्रॅचपासूनच सुरू होतो. आवर्तन, अट, चल हे सगळं त्या ठोकळ्यांत आहेच. दुसऱ्याचा खेळ उघडून त्यात बदल करणं हीही तिथे चोरी नव्हे. त्याला रीमिक्स म्हणतात आणि त्यासाठी वेगळं बटणच दिलंय.

आता एक गैरसमज कोडिंगच्या भक्तांचा: ‘कोडिंगने डोकं तल्लख होतं, गणितही सुधारतं.’ 1984 मध्ये रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमधून हे तपासलं. वर्गातली कामं कमीत कमी हेलपाट्यांत कशी उरकायची, याचं नियोजन लोगो शिकलेल्या मुलांना इतरांपेक्षा काही चांगलं जमलं नाही. चार वर्षांनी डेव्हिड क्लार आणि शॅरन कार्व्हर यांना वेगळं दिसलं: चूक कशी हुडकायची हे मुद्दाम शिकवलं, तर मुलं ते कौशल्य कागदावरच्या सूचनांतल्या चुका शोधायलाही वापरतात. म्हणजे फायदा आपोआप होत नाही. माझ्या मते ‘डोकं तल्लख’ हे कोडिंग शिकवायचं सर्वांत कमकुवत कारण. मुलाला काहीतरी बनवायचंय, एवढं कारण पुरे.

‘मुलींना यात फारसा रस नसतो’ हे तर इतिहासालाच मान्य नाही. 1940 च्या दशकात एनिअॅक या अवाढव्य संगणकासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पहिल्या सहाही जणी स्त्रिया होत्या. अमेरिकेत 1984 च्या सुमारास संगणकशास्त्राच्या पदवीधरांत सुमारे 37 टक्के मुली होत्या. नंतर हे प्रमाण वीसच्याही खाली गेलं. त्याच काळात घरगुती संगणक मुलग्यांचं खेळणं म्हणून विकले जात होते.

आणि ‘आम्हालाच येत नाही, आम्ही काय सांगणार?’ काही सांगायचं नाही. मुलाने खेळ दाखवायला आणला, तर तो खेळा आणि हरा. खेळातलं मांजर भिंतीतून आरपार कसं गेलं ते विचारा. त्यालाही ठाऊक नसेल, तर ते शोधत बसेल. कदाचित पंधरा दिवस स्क्रॅच उघडणारही नाही, सगळा वेळ क्रिकेटमध्ये जाईल. जाऊ द्या. स्क्रॅच फुकट आहे, फी बुडाल्याची चिंता नाही.